बायबलबाईचं खरं बोलणं

माझी आई बायबलबाई होती. आता हा शब्द आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या मुलांनाही समजावून सांगावा लागतो. मिशनने पगारावर ठेवलेली बाई. अंगावर पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाची लहान लहान पुस्तकं. सकाळी निघायचं, लालबाग-परळच्या चाळींतून बायकांच्या दारात बसायचं, येशूबद्दल चार शब्द सांगायचे, कुणी ऐकलं तर त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, नाही ऐकलं तर सलाम करून पुढच्या दारी जायचं. बाबा वारल्यावर मिशनने तिला हे काम दिलं, म्हणून परळच्या चाळीतली आमची खोली टिकली आणि माझं शिक्षण झालं. हे मी विसरलेले नाही.

पण दिवसभर देवाची प्रीती, देवाची प्रीती म्हणून ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा तिच्याजवळ त्यातलं काही उरलेलं नसायचं. मी तापाने फणफणले तर औषध वेळेवर मिळे, कपाळावर हात मात्र कधी आला नाही. ती फारशी मारत नसे. ती बरोबर असायची. नळावर बरोबर, देवळात बरोबर, माझ्याशी बोलताना बरोबर. तिचं सगळ्यात मोठं भूषण म्हणजे ती खोटं बोलत नाही. हे ती स्वतःच सांगायची. मला मात्र एक खोटं माहीत होतं. बाबा हातभट्टीच्या दारूने गेले आणि मंडळीत आईने कावीळ सांगितली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. माझ्याकडून तिने कावीळ हा शब्द पाठ करून घेतला होता.

आमच्या शेजारच्या खोलीत मालवणकडचं एक कुटुंब होतं. काका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर. काकी घरी. मुलं गावी, काकांच्या भावाकडे. आणि काकांची आई, जिला सगळा मजला म्हातारी म्हणे. म्हातारीचं सोवळंओवळं कडक होतं. आमचे पूर्वज नगर जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरचे. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या, पण चाळीला असल्या गोष्टी कशा कळतात कोण जाणे, कळलेल्या होत्या. आईचा हात हंड्याला लागला तर म्हातारी हंडा पुन्हा घासायला लावी. आईही कमी नव्हती. मुद्दाम हात लावी आणि वर म्हणे, आमच्या देवाने सगळे सारखे केलेत. त्यावरून काकी आणि आई यांची वर्षातून तीन-चार भांडणं ठरलेली.

काका मात्र भला माणूस. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा ते तिच्यात पार बुडाले. पाळी सुटली की भिंती रंगवायच्या, सभांना माणसं जमवायची. मी वीस वर्षांची होते, मिशनच्या प्राथमिक शाळेत सकाळच्या वेळात शिकवत होते. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब सांगत, ख्रिस्ती माणसाने या गडबडीत पडू नये, सरकारच्या आज्ञेत राहावं. चाळीतली माणसं आम्हाला मिशनवाले म्हणत, जसं काही मिशन हा वेगळा देश होता. एकदा परळच्या मैदानावर शाहिरांचा कार्यक्रम होता. काकी आणि काका निघाले होते. मी गॅलरीत उभी होते. काका म्हणाले, "चल ना पोरी. तू मराठीच ना?" मी आईला न विचारता गेले. त्या गर्दीत डफ वाजायला लागला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिशनवाली हा शब्द त्या दिवशी माझ्या अंगावरून गळून पडला. काकांनी ते एक केलं माझ्यासाठी. एवढ्यावरून मी त्यांना फार मानायला लागले.

गोळीबाराचे दिवस आले. शाळा बंद, गिरण्या बंद, रस्त्यावर संचारबंदी. एका दुपारी आमच्या चाळीखालच्या नाक्यावर दगडफेक झाली आणि पोलीस चाळीत घुसले. खालच्या मजल्यावरून दारं ठोकल्याचे, बायकांच्या रडण्याचे आवाज येऊ लागले. काकी धावत आमच्या दारात आली. मागे काका. काकीने आईचे हात धरले. ओवळंसोवळं काही तिच्या लक्षात नव्हतं.

"बाई, घटकाभर ह्यांना आत घ्या. तुमच्या घरात पोलीस शिरणार नाहीत."

खरं होतं ते. आमच्या दारावर क्रूस होता, आणि पोलीस मिशनच्या माणसांशी अदबीने वागत. आईने क्षणभर काकांकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली. तिने त्यांना आत घेतलं, हे मी सांगितलंच पाहिजे. कारण नंतर मी अनेक वर्षं या गोष्टीतून तेवढं गाळून टाकत आले. काका मोरीच्या पडद्यामागे उभे राहिले. मी पडद्यापुढे पाट मांडून तांदूळ निवडायला बसले. सूप मांडीवर घेतलं.

फौजदार दारात आला. मराठी होता, वयाने मोठा. आईचं पांढरं पातळ आणि दारावरचा क्रूस पाहून त्याने आवाज खाली आणला. तो आत शिरलाही नाही. म्हणाला, "बाई, घरात बाहेरचं कोणी आहे का?"

त्याला नाही ऐकायचं होतं. नाही ऐकून पुढच्या दाराकडे जायच्या तयारीने तो अर्धा वळलासुद्धा होता. आईच्या ओठांना कोरड पडलेली मला दिसली. तिने त्यांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली,

"आहे."

एवढंच. मी काही बोलले नाही. मला कोणी विचारलंही नव्हतं. पण मी ओरडू शकले असते, माझा भाऊ आहे म्हणू शकले असते. मी सुपाकडे बघत राहिले. काका स्वतःच पडद्याआडून बाहेर आले. जाताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. गॅलरीत त्यांच्या पाठीत पहिली लाठी बसली, तेव्हा काकी आपल्या दारात उभी होती.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून आईचा दाखला दिला. नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असा. या अस्थिर दिवसांत आपल्यातल्या एका भगिनीने सत्याची कशी कास धरली, वगैरे. मी आईकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि ती ताठ बसली. तिला बरं वाटत होतं. त्या क्षणी मी तिचा जितका द्वेष केला तितका नंतरही कोणाचा केला नाही.

काका काही महिन्यांनी सुटून आले. उजव्या हाताची बोटं चौकीत लाठीखाली चेचली गेली होती. ती वेडीवाकडी जुळली. तुटलेला धागा पकडून गाठ मारायला बोटं लागतात. गिरणीने त्यांना साच्यावरून काढलं. ते दिवसभर चळवळीच्या कचेरीत जाऊन बसू लागले, आणि काकी गिरणीत लागली, बायकांच्या खात्यात, रिळं भरायला. सकाळी सातला जायची, साडेतीननंतर यायची.

आईने काकांचा हात पहिल्यांदा पाहिला तो नळावर. डाव्या हाताने बादली उचलताना. ती पाणी न भरताच घरी आली. त्या दिवशी ती कामावर गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती काकीच्या दारात गेली, आणि काय करावं ते न कळून तिने पिशवीतलं एक पुस्तक पुढे केलं. दुःखी माणसाला द्यायचं एक असतं, ते. काकीने ते घेतलं नाही. काकी अगदी शांतपणे म्हणाली, "तुमचा देव खरं बोलायला सांगतो ना, बाई? मग मी पण खरं सांगते. मला तुमचं तोंड बघायचं नाही."

मजल्याने आमच्याशी बोलणं टाकलं. नळावर आम्ही गेलो की बायका गप्प होत. समोरच्या चाळीत आमच्याच मूळच्या जातीची माणसं राहत, त्यांतली बरीचशी त्याच सुमारास बौद्ध झाली होती. तिथली एक लांबची आत्या मला रस्त्यात म्हणाली, "तुम्ही गोऱ्यांचा देव घेतलात, आता गोऱ्यांगत वागता."

म्हातारीला अर्धांगवायूचा झटका आला तो त्यानंतरच्या वर्षी. एक बाजू पूर्ण गेली आणि दिसायचंही जवळजवळ बंद झालं. काकीला कामावर जाणं भाग होतं. ती सकाळी म्हातारीचं सगळं आटोपून, उशाशी पाणी ठेवून, बाहेरून कडी लावून जायची. वरच्या मजल्यावरच्या एका बाईने अधूनमधून डोकवायचं कबूल केलं होतं. ती पहिले आठ दिवस आली. काका यायचे ते संध्याकाळी.

मी शाळेतून साडेबाराला यायची. एके दिवशी आमची खोली उघडी, आणि आई नाही. शेजारच्या दाराची कडी निघालेली. मी फटीतून पाहिलं. आई म्हातारीला कुशीवर वळवून ओल्या फडक्याने तिची पाठ पुसत होती. पाठीला फोड फुटून जखमा झाल्या होत्या. वास दारापर्यंत येत होता. आई तोंड वाकडं न करता पुसत होती, आणि मध्येच हात थांबवून म्हातारीच्या कपाळावर ठेवत होती.

तो हात मी बघत राहिले. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हा हात तिच्याकडे होता तर.

ती रोज जायची. सुरुवात कशी झाली ते तिने मला पुढे एकदाच सांगितलं. गॅलरीतून जाताना आतून आवाज आला, "कोण गो तां? माका तान लागली." उशाशी ठेवलेला तांब्या म्हातारीच्या लुळ्या हाताच्या बाजूला होता. आईने कडी काढली. म्हातारीने विचारलं, तू कोण. आईने सांगितलं, शेजारची, किरिस्ताव. म्हातारीने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, "दी पाणी. सुनेक सांगा नको."

सुनेला सांगायचं नाही. तेवढी एक अट. आईने ती मान्य केली.

मिशनच्या मोठ्या बाई गिरगावात राहत. शिकलेल्या, पुण्याकडचं शुद्ध बोलणाऱ्या. दर शनिवारी सगळ्या बायबलबायांनी त्यांच्याकडे जाऊन आठवड्याचं काम सांगायचं असे. आई आता दुपारी कुठल्याच चाळीत जात नव्हती, आणि तिने तसं सांगितलं. मोठ्या बाईंनी विचारलं, ती म्हातारी प्रभूबद्दल ऐकून घेते का. आई म्हणाली, मी सांगत नाही. का सांगत नाही? आई म्हणाली, ती विचारत नाही. मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की सेवा चांगली आहे, पण ती शेजारधर्म झाला, मिशनचं काम नव्हे. दोन महिन्यांनी आईचं काम सुटलं. माझ्या पगारात आमचं भागत होतं. पण पिशवी परत करून आली त्या दिवशी तिने ते पांढरं पातळ धुऊन, घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि कोणाशी बोलली नाही.

माझ्याशी तर ती तशीही बोलत नसे. आता तर कमीच. संध्याकाळी मी काही सांगायला लागले की तिचं लक्ष भिंतीकडे. भिंतीपलीकडे म्हातारी खोकली की हिची मान वळायची. मी शाळेतल्या पोरांचं काही गमतीचं सांगत असताना एकदा ती हात वर करून मला गप्प राहायची खूण करून भिंतीला कान लावून बसली. मी जेवत होते. मी ताट सारून उठले, तेही तिला दिसलं नाही.

काकीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. जखमा भरत होत्या, म्हातारीचे केस विंचरलेले असायचे. तिने म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणाली, देव येता. काकीला वाटलं हिला भ्रम झाला. पण भ्रमाने केस विंचरले जात नाहीत. एक दिवस कामावरून आल्या आल्या ती आमच्या दारात उभी राहिली. किती दिवसांनी. आत न येता तिने आईला विचारलं,

"बाई, तुम्ही आमच्या खोलीत जाता का?"

आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली, काकीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "नाही."

काकी गेली. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी आईसमोर जाऊन उभी राहिले. तिने काकांच्या हाताची बोटं वाचवायला एक खोटा शब्द उच्चारला नव्हता, आणि आता भाकरी थापता थापता, सहज, नाही म्हणाली होती.

"हे येतं होय तुला?" मी म्हटलं. "आणि त्या दिवशी का नाही आलं?"

ती म्हणाली, "त्या दिवशी मी स्वतःला फार मोठी समजत होते."

हे उत्तर ऐकून माझं मन वळायला हवं होतं. आज मला ते कळतं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की म्हातारीसाठी ही खोटं बोलते, आणि माझ्यासाठी हिने आयुष्यात एक गोड शब्दही खर्च केला नाही. मी म्हटलं, "येत होतंच की. बाबांना कावीळ झालेलीच ना?" तिच्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. देवळातून येताना जिन्यात काकी भेटली. मी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. आई रोज येते, पाठ धुते, पाणी पाजते, काल ती तुमच्याशी खोटं बोलली. मी अगदी सत्य तेवढंच बोलले. एक शब्द वाढवला नाही. आणि ते बोलताना मला जे सुख झालं ते मी कोणापासून लपवणार? देवापासून तर नाहीच.

काकी वर गेली. थोड्या वेळाने ती पितळी तांब्या घेऊन आली, म्हातारी ज्यातून पाणी प्यायची तो, आणि आमच्या उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "हा आता तुमचाच." सोमवारी सकाळी शेजारच्या दाराला कडीबरोबर कुलूप लागलं.

आईने मला काही विचारलं नाही. कोणी सांगितलं ते तिला कळलं होतंच, सांगणारं दुसरं होतं कोण? मी दुपारी घरी आले तर ती गॅलरीत, त्या कुलूप लावलेल्या दारापाशी जमिनीवर बसलेली. आतून म्हातारी विचारत होती, "आयलंस गो?" आई म्हणाली, "आलेय." म्हातारी म्हणाली, "मगे भितुर ये." आई म्हणाली, "आज नाही येता येत."

असं पाच-सहा आठवडे चाललं. रोज दुपारी आई त्या दाराला टेकून बसायची. येणारेजाणारे तिला ओलांडून जात. कोणी हसे, कोणी बिचारी म्हणे. मी एकदा म्हटलं, काकीच्या पाया पडते, कुलूप काढायला सांगते. आई म्हणाली, "तू आता काही करू नकोस." ते तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तरी मी गेले. काकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिला आता आमच्या घरातल्या कोणाचंच खरंही नको आणि खोटंही नको.

म्हातारी एका गुरुवारी दुपारी गेली. आईला दाराबाहेरून कळलं, कारण आतून उत्तर येईना. तिने हाका मारल्या, मग दार ठोकलं, मग मजल्यावरच्या माणसांना बोलावलं. कुलूप तोडायला कोणी पुढे झालं नाही. काकी नेहमीच्या वेळी आली आणि तिने किल्लीने दार उघडलं. आंघोळ घालणाऱ्या बायका नंतर नळावर म्हातारीच्या पाठीबद्दल हळू आवाजात बोलत होत्या. मी तिथून बादली अर्धवट भरूनच निघाले.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी काकी आमच्याकडे आली. यावेळी ती आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. आम्ही दोघीही घाबरलो होतो. मग काकी म्हणाली, "म्हातारी शेवटच्या चार दिवसांत माझं नाव विसरली होती. मी पेज भरवायला गेले की म्हणायची, तू नको, ती येऊ दे."

"सोळा वर्षं मी तिचं केलं," काकी म्हणाली. "तुम्ही माझ्या नवऱ्याला धरून दिलंत आणि सासूही नेलीत."

मला वाटलं, आता आई काहीतरी वचन म्हणेल. तिला शेकडो पाठ होती. आई म्हणाली, "माझं चुकलं." माझ्या माहितीत हे शब्द तिच्या तोंडून तेवढे एकदाच निघाले.

काकीने विचारलं, "दाराबाहेर बसून काय सांगायचात तिला? तुमच्या येशूचं?"

"नाही. तीच सांगायची. तिच्या माहेरच्या विहिरीचं, माडांचं. मी हूं म्हणायचे."

"एकदाही नाही सांगितलं?"

"एकदाही नाही," आई म्हणाली, आणि ते तिने खाली मान घालून, गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं.

काकी तिच्याकडे बघत राहिली. मी उठून पाणी आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने पेल्याकडे पाहिलं, पण घेतलं नाही. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून ती गेली. मैत्री वगैरे काही झाली नाही. नळावर एकमेकींसाठी बाजूला व्हायच्या, एवढंच. काकांना पुढे कोणीतरी शिवडीच्या एका गोदामात पहारेकऱ्याचं काम मिळवून दिलं आणि ते दोघं अँटॉप हिलकडे राहायला गेले. निघताना काका मला म्हणाले, शाळा सोडू नकोस. आईला त्यांनी लांबून हात जोडले. त्यात काय होतं, क्षमा की नुसता निरोप, हे मला त्या वेळी कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत रोषणाई होती, पेढे वाटले गेले. ज्यांनी त्यासाठी हाडं मोडून घेतली ते शेजारी आता तिथे नव्हते. संध्याकाळी आम्ही दोघी जेवायला बसलो असताना आई अचानक म्हणाली, "मी तुला क्षमा केली आहे."

मी म्हटलं, "मी मागितली नव्हती."

"ठाऊक आहे. म्हणून तर सांगतेय."

तिने ते असं सांगितलं की मी हातातला घास ताटात ठेवला. ती खरंच क्षमा करायचा प्रयत्न करत होती. तिला ते नीट जमत नव्हतं, एवढंच. मलाही जमलं नाही. त्यानंतर ती अठरा वर्षं जगली. मी लग्न केलं नाही. आम्ही एका खोलीत राहिलो, एकमेकींचं दुखणंखुपणं काढलं, रोज रात्री एकत्र प्रार्थना केली, आणि त्या म्हातारीबद्दल बोललो नाही.

आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, मी शाळेतून निवृत्त होत असताना, आमच्या मंडळीने महिलांची एक सभा घेतली. विषय असा होता की आपण साध्या माणसांनी देवाची प्रीती इतरांना कशी द्यावी. मंडळीतली जुनी शिक्षिका म्हणून मला साक्ष द्यायला उभं केलं. मी बायबलबाईचं काम सांगेन, आईचे कष्ट सांगेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी हे सगळं सांगितलं. फौजदाराला दिलेलं उत्तर, काकीला दिलेलं उत्तर, जिन्यात मी केलेलं ते. मी सांगितलं की माझ्या आईने एका माणसावर खरोखर प्रीती केली, तीही उशिरा, स्वतः घातलेल्या घावानंतर; आणि मी तिची मुलगी, मला हेवा वाटला, आणि मी ती मोडली. बायबल आम्हा दोघींच्याही तोंडपाठ होतं.

मग गायन झालं. चहाच्या वेळी नवे पाळकसाहेब, तरुण होते, माझ्याजवळ येऊन अदबीने म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेला जरा उत्तेजन देणारं काही सांगा." मी बरं म्हटलं. पुढची खेप आली नाही.

बाहेर चपला घालताना एक बाई माझ्यापाशी घुटमळली. ती शीवहून आली होती, मला फारशी ओळखतही नव्हती. तिने खालच्या आवाजात सांगितलं की तिची आई सात महिने अंथरुणाला खिळली आहे आणि आपल्याला आता आईचा राग राग येतो. मी तिचा पत्ता विचारून घेतला. मंगळवारी मी तिच्या घरी गेले. तिथेही मी फार चांगली वागले असं नाही. चादर चार दिवस बदलली नव्हती, त्यावरून मी तिला टाकून बोलले, माझ्या आईच्याच आवाजात, आणि ती रडायला लागली. मग आम्ही दोघींनी मिळून चादर बदलली. तिने विचारलं, पुन्हा याल का? मी म्हटलं, येईन.